तळाला सोल

काजूच्या फॅक्टरीतून साडेपाचला सुटले
की मी उभ्यादांड्याला इनासमास्तरांकडे जाते.
बोटांना टरफलाच्या तेलाचा वास,
अंगठ्याजवळची कातडी निघालेली.
मास्तर बोटं चाचपतात, म्हणतात,
"बरां आसा. मऊ बोटाचा कोण आयकना नाय."

मॅण्डोलिन मला येतं.
शाळेत सिस्टर बेर्नादेतनं सोलची चावी
गिरवून घेतली होती, गोगलगायीसारखी.
हे मात्र मॅण्डोचेलो.
मांडीवर घेतलं की झोपलेल्या पोरासारखं जड,
आठ तारा, जोडीजोडीनं,
आणि समोर वहीत दुसरीच चावी:
कानासारखी,
शेजारी दोन टिंबं,
निजताना कुड्या काढून ठेवाव्यात तशी.

"फाची चावी," मास्तर म्हणाले.
"दोन टिंबांमधली रेघ, थंय फा रवता.
बाकीचे तेका इचारून बसतत."

महिनाभर मी चुकीच्या घरांची दारं वाजवली.
खालची रेघ दिसली की हात मीवर.
तीस वर्षं त्या रेघेवर मी होते,
स्वर ऱ्हस्व असेल, पण मी दीर्घच लिहायचे.
"मी नाय गो थंय," मास्तर वैतागले.
"सोलां भिजत घातलंस, मगे खंय जातत?"
तळाला.
"मगे?"

त्या दिवसापासून ती रेघ
आधी जिभेला कळते, मग बोटाला.

मधल्या रेघेवर रे, वरच्या रेघेवर ला,
मोकळ्या तारा, बोट न लावता मिळतात.
पण सगळ्यांत जाडी तार, दो,
ती पाच रेघांत मावत नाही.
तिच्यासाठी खाली आखूड रेघा जोडतात, दोन,
सुकतीला होडीपर्यंत फळ्या टाकतात तशा.
तिथवर उतरताना मी अजून नखानं मोजते.
फॅक्टरीत अख्खी, पाकळी, तुकडा
एका नजरेत निवडणारी मी.

वही मास्तरांच्या हातची. निळी शाई,
सव्वीस तुकडे, नावं नाहीत, नुसते आकडे.
मास्तरांना आता खिडकी दिसते, आणि दिवा लावला तर दिवा.
म्हणून मी वाचते.
दो. दो. सोल. फा.
परत दो.
किनाऱ्यावर नुसते खुंट रोवलेले,
वर वाळत घातलेलं जाळं नाहीच.

एकदा विचारलं, यावरचं गाणं कुठलं?
ते कायतान वाजवायचा, धाकटा भाऊ.
त्याची वही त्याच्याबरोबर मस्कतला गेली,
दोघंही परत आली नाहीत.
पण चाल तरी आठवत असेल, मी म्हटलं,
इतक्या लग्नांत वाजवलंत.

मास्तर बराच वेळ गप्प.
मागच्या दारी मांजर
बांगड्याचं डोकं फरफटत होतं.

"आयकूक वेळ खंय होतो?
मी खाली मोजीत होतंय."

मग मीही मोजायला लागले.
अकरावा तुकडा, दुसरी ओळ,
सोल, सोल, आणि पुढे दोन मात्रांची विश्रांती.
तिच्यावर पेन्सिलीनं, पुसट, बारीक:
हंय गप रव. कायतान एकटो आसा.

हे मी वाचून दाखवलं नाही.
तारांवर हात ठेवला,
दोन मोजले,
मग पान उलटलं.